तांब्याचे झाकण : वस्तू आणि घटकद्रव्य यांची गल्लत झालेल्या एका शब्दसूचीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी एका विश्वस्त संस्थेचे छोटे संग्रहालय आहे. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या गृहस्थांनी हा संग्रह जमवला ते शाळेत शिक्षक होते. आसपासच्या गावांत कुठे वाडा उतरवला जात असेल, कुठे भावाभावांत वाटण्या होत असतील, तर तिथे जायचे आणि जे मोडीत निघणार होते ते मागून आणायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. त्यामुळे संग्रहात समया, लामणदिवे, अडकित्ते, घंगाळी, लुगडी, खण, घोंगड्या, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), दोन वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड) आणि भांड्यांनी भरलेली एक आख्खी खोली असा ऐवज गोळा झाला.

गुरुजींनी दाखल नोंदवही स्वतःच्या हाताने ठेवली होती. तिच्यात अनुक्रमांक, वस्तू, नग, कोठून मिळाली आणि शेरा असे पाचच रकाने होते. वस्तू कशाची आहे यासाठी वेगळा रकाना नव्हता, कारण त्यांना त्याची गरज वाटली नाही. ‘समई पितळी १’, ‘पळी तांब्याची १’, ‘घोंगडी काळी २’ असे ते लिहीत आणि वाचणाऱ्याला ते कळे. ही वही पुढे संगणकावर उतरवली गेली. त्यानंतर बाहेरच्या एका माणसाकडून ‘वस्तू’ या रकान्याचे दोन भाग करून घेण्यात आले, एक ‘वस्तूचे नाव’ आणि दुसरा ‘साहित्य’. त्याने पितळ, तांबे, लोखंड, कापड, कागद, दगड अशा शब्दांची एक यादी केली. मूळ ओळीत त्या शब्दांचे कोणतेही रूप सापडले की ते उचलून दुसऱ्या रकान्यात टाकायचे, असा छोटा प्रोग्रॅम त्याने चालवला. वहीतली मूळ ओळ तशीच्या तशी तिसऱ्या रकान्यात राखून ठेवावी हे त्या वेळी कोणाला सुचले नाही. हे वाक्य पुढे पुन्हा येणार आहे.

शब्दसूची, म्हणजे नोंदींत वापरायच्या ठरावीक शब्दांची यादी, नीट लावून देण्याचे काम माझ्याकडे आले ते यानंतर.

अडचण कशी उघडी पडली

पावसाळ्याच्या तोंडावर एका जतनतज्ज्ञ बाईंनी संस्थेकडे दोन साध्या याद्या मागितल्या. तांबे व तांब्याच्या मिश्रधातूंच्या वस्तू किती आणि कुठे आहेत, ही पहिली यादी आणि कागदाच्या वस्तूंची दुसरी. मागणी रास्त होती. दमट हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो, कागदाला बुरशी लागते आणि दोघांना ठेवायची जागाही एक नसते. संगणकावर ‘साहित्य : तांबे’ असा शोध घेतला तेव्हा यादीत बरीचशी पितळी भांडी आली, काही स्टीलचीही आली. कारण उघड होते. त्या सगळ्या नोंदी ‘तांब्या’ या भांड्याच्या होत्या आणि प्रोग्रॅमने ‘तांब्या’ हा शब्द ‘तांबे’चे रूप समजून उचलला होता. त्या नोंदींमध्ये वस्तूच्या नावाचा रकाना मोकळा होता.

मोकळ्या रकान्यांच्या नोंदी बाजूला काढून आम्ही भांड्यांच्या खोलीत गेलो. पहिल्याच नोंदीत वस्तूचे नाव नव्हते आणि साहित्याच्या रकान्यात ‘पितळ, तांबे’ असे होते. क्रमांकावरून फळीवरची वस्तू शोधली तर तेथे उभ्या काठाची एक जड थाळी निघाली. तिचा रंग लालसर होता आणि आतल्या बाजूला करड्या थराचे डाग राहिले होते. संग्रहालयाची व्यवस्था पाहणाऱ्या ताई आणि मी ती पालथी घालून पाहत होतो. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, “अहो सर, ती पितळी आहे. पण तांब्याची. आतून कल्हई होती, गेली घासून घासून.”

त्या एका वाक्यात नोंद पूर्ण होती. पितळी हे भांड्याचे नाव आहे. अशी उभ्या काठाची थाळी एके काळी पितळेचीच असे म्हणून तिला ते नाव पडले आणि पुढे धातू बदलला तरी नाव टिकले. ‘तांब्या’ या भांड्याचेही तसेच आहे. कासंडीच्या नावात कांसे आहे, पण आज हाती येणारी कासंडी काशाचीच असेल असे नाही. द्रव्याच्या नावावरून वस्तूला नाव पडणे आणि मग नावाने द्रव्याची साथ सोडणे, हे मराठीत इतके सरसकट आहे की आपल्याला ते जाणवतही नाही. वीरगळ या शब्दातला ‘गळ’ म्हणजे कन्नडमधला ‘कल्लु’, अर्थात दगड. मराठी कानाला मात्र त्यात आता दगड ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी याहून अवघड नोंद निघाली. मूळ वही उघडली तर गुरुजींच्या अक्षरात ‘तांब्याचे झाकण १’ असे लिहिले होते. ‘तांबे’ याचे सामान्यरूप तांब्या- आणि ‘तांब्या’ याचेही सामान्यरूप तांब्या-. झाकण तांबे या धातूचे की तांब्या या भांड्याचे, हे त्या ओळीवरून कोणालाही सांगता येणार नाही, मग तो प्रोग्रॅम असो, व्याकरणाचा शिक्षक असो की मी. फळीवरचे झाकण पितळेचे निघाले. म्हणजे गुरुजींना भांड्याचे झाकण म्हणायचे होते. वहीत याच नमुन्याच्या आणखी ओळी होत्या आणि त्यांपैकी काहींत अर्थ उलटा होता.

कागदाच्या यादीत गोंधळ निराळ्या तऱ्हेचा होता. ‘मोडी कागद, रुमाल १’ ही नोंद ‘साहित्य : कागद’, ‘वस्तूचे नाव : मोडी, रुमाल’ अशी फुटली होती. परिणामी दप्तराचा तो गठ्ठा वस्त्रांच्या विभागात, हातरुमालांशेजारी जाऊन बसला. दफ्तरखान्यात काम करणारा माणूस ‘कागद’ म्हणतो तेव्हा त्याला दस्त म्हणायचे असते. कशावर लिहिले आहे हे त्याच्या मनात नसते. ‘ताडपत्री पोथी’ (ताडाच्या पानांवर लिहिलेली पोथी) ही नोंद एका नव्या मुलाने तपासली आणि शेऱ्यात ‘ताडपत्री वेगळी काढून ठेवावी’ असे लिहिले. त्याचा तरी काय दोष? त्याने ताडपत्री पाहिली होती ती पावसाळ्यात ट्रकवर घातलेली.

हा गोंधळ केवळ शोधापुरता नव्हता. संग्रहात हस्तिदंताच्या फण्या, फासे आणि एक दौत होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ वस्तू कशाची आहे हे विचारतो. त्याच वर्षीचा पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम वस्तू काय आहे आणि किती जुनी आहे हे विचारतो. सर्वसाधारण वस्तूला शंभर वर्षांची आणि हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षांची अट आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच रकान्यात कालवलेली असतील, तर संस्थेला दोन्ही कायद्यांपुढे नीट उभे राहता येत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय माझाच होता आणि तो चुकीचा होता. प्रत्येक शब्दाला एकच घर द्यायचे, असा तो. ‘तांब्या’ वस्तूंच्या सूचीत, ‘तांबे’ द्रव्यांच्या सूचीत, ‘दगड’ द्रव्यांत, ‘कागद’ द्रव्यांत, ‘वीट’ द्रव्यांत. शब्द दोन्हीकडे दिसला की एकीकडचा काढून टाकायचा. सूची स्वच्छ दिसते, संगणकालाही सोपी जाते. सुमारे दोन महिने आम्ही याच वाटेने गेलो.

दुसरा पर्याय ताईंचा होता. त्या म्हणत की गुरुजींनी लिहिले तसे ‘पितळेची समई’ हेच एक नाव धरावे आणि सूचीत पितळेची समई, चांदीची समई, काशाची वाटी अशी जोडनावे ठेवावीत. बोलण्यात आपण तसेच म्हणतो आणि काशाच्या वाटीसारख्या वस्तूत द्रव्य हेच तिच्या उपयोगाचे कारण असते. तळपायाला तूप लावून घासायला स्टीलची वाटी कोणी घेत नाही. मात्र जोडनावे केली की प्रत्येक वस्तू गुणिले प्रत्येक द्रव्य अशी सूची फुगते. शिवाय सगळ्या समया एकत्र पाहायच्या असतील तर समईचे प्रत्येक जोडनाव आठवून शोधावे लागते.

तिसरा पर्याय बाहेरची तयार सूची मराठीत आणण्याचा होता. अमेरिकेतील गेटी संस्था सांभाळत असलेली आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस ही सूची १९९० मध्ये प्रथम छापली गेली आणि आज जगभरच्या संग्रहालयांत वापरली जाते. तिच्यात वस्तू आणि द्रव्ये असे दोन स्वतंत्र पैलू आहेत आणि दोहोंतला भेद ती मुख्यत्वे वचनाने दाखवते. ब्राँझ हा शब्द एकवचनात आला की धातू समजायचा, अनेकवचनात आला की त्या धातूच्या कलाकृती. जोडीला कंसात खुलासाही असतो. ही युक्ती इंग्रजीत चालते, मराठीत चालत नाही. एक कागद, अनेक कागद. एक दगड, अनेक दगड. एक खण, पाच खण. अकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन आपल्याकडे तसेच राहते. लाकूडचे अनेकवचन लाकडे होते खरे, पण लाकडे म्हटले की डोळ्यांपुढे सरपण येते, लाकडी वस्तू येत नाहीत. थिसॉरसची रचना आम्हाला उपयोगी पडली. तिचा सांगाडा घेऊन त्यात मराठी शब्द भरणे मात्र आम्ही टाळले.

चौथा पर्याय म्हणजे दोन स्वतंत्र सूच्या ठेवणे, एकच शब्द दोन्हींत येऊ देणे, तसा आला तर कंसात खूण करणे आणि कोणता शब्द कोणत्या रकान्यात जाईल हे त्या नोंदीपुरते फळीसमोर ठरवणे. या पर्यायात कष्ट सर्वांत जास्त होते, म्हणूनच तो सगळ्यांत शेवटी विचारात आला.

निर्णयाचे टप्पे

माझा पहिला पर्याय ज्या नोंदीने मोडला ती विटेची होती. संग्रहात जुन्या बांधकामातली एक वीट आहे. ती भाजण्यापूर्वी तिच्यावर कुत्र्याचे पाऊल उमटले आणि ते तसेच भाजले गेले. एकच घर या नियमाने ‘वीट’ द्रव्यांच्या सूचीत गेली होती. त्यामुळे या नोंदीत वस्तूचे नाव काय लिहायचे, असा प्रश्न पडला. मी ‘बांधकाम-अवशेष’ असे सुचवले. ताईंनी वहीतली गुरुजींची ओळ वाचून दाखवली : ‘वीट, पावलाची, १’. मी गप्प बसलो. वाड्याच्या नोंदीत वीट द्रव्य असते, भिंत विटेची असते. संग्रहालयाच्या फळीवर तीच वीट वस्तू असते आणि तिचे द्रव्य भाजलेली माती असते. वीट या शब्दात यातले काहीच ठरलेले नसते. ते त्या नोंदीत वीट कोणते काम करते आहे यावर ठरते.

तेव्हापासून आम्ही दोन प्रश्न धरले. ‘हे काय आहे?’ याचे उत्तर वस्तूच्या रकान्यात जाईल आणि ‘हे कशाचे आहे?’ याचे द्रव्याच्या. दोन्ही प्रश्न वस्तू हातात घेऊन विचारायचे. वहीतल्या ओळीवरून उत्तर द्यायचे नाही.

रकान्याला नाव काय द्यायचे यावर एक आख्खी दुपार गेली आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही. आधीचे नाव ‘साहित्य’ होते. पण पूजेचे साहित्य म्हणजे पळी, पंचपात्री, ताम्हन, म्हणजेच वस्तू. स्वयंपाकाचे साहित्य म्हणजे डाळ-तांदूळही आणि कधी कढई-झाराही. शिवाय मराठी साहित्य आहेच. ‘पदार्थ’ म्हटले की ताटात वाढलेले काहीतरी डोळ्यांपुढे येते. ‘द्रव्य’ म्हटले तर जुन्या कागदांत त्याचा अर्थ पैसा. नोंदी करणारी मुले ‘साहित्य’ या रकान्यात ‘पूजेचे’ असे लिहीत होती, ते आम्ही आधी त्यांच्या अज्ञानाच्या खात्यावर टाकले होते, प्रत्यक्षात ते रकान्याच्या नावाला अगदी योग्य उत्तर देत होते. शेवटी पडद्यावर रकान्यांची नावे ‘काय आहे’ आणि ‘कशाचे आहे’ अशीच ठेवली. सूचीच्या दस्तऐवजात मात्र ‘घटकद्रव्य’ हा शब्द घेतला.

पुढचा पेच खणाचा. खण म्हणजे चोळीपुरते कापड. तो मापाने विणला जातो, ओटीत घातला जातो, दुकानात नगाने विकला जातो. म्हणून न शिवलेला खण ही वस्तू आहे आणि तो कशाचा तर सुताचा किंवा रेशमाचा. पण शिवलेली चोळी समोर आली की ‘ही कशाची?’ याला घरातली कोणतीही बाई ‘खणाची’ असेच उत्तर देईल आणि ते चूक नाही. तेव्हा ‘खण (वस्तू)’ आणि ‘खण (वस्त्रप्रकार)’ असे दोन्ही ठेवले. चोळीच्या नोंदीत ‘कशाचे’ या रकान्यात खण आणि त्याखाली तंतू असे दोन पदरी उत्तर दिले. अर्धवट घडलेल्या सगळ्या मालाला हाच नियम लागला. सुताची लड, चांदीचा पत्रा, ठाण, फळी, जरीची रिळे यांत तो कामी आला. कोकणातून आलेल्या दोन चिऱ्यांनाही तोच लागू पडला. जांभा हा दगडाचा प्रकार आहे, चिरा हा त्यातून तासून काढलेला नग आहे आणि चिरेबंदी जोत्याच्या नोंदीत चिरा पुन्हा द्रव्याच्या जागी जातो.

कच्चा माल हाच संग्रहाचा ऐवज असतो तेव्हा काय करायचे, हे लाखेच्या आणि निळीच्या नोंदींनी विचारले. रंगाऱ्याच्या घरातून आलेली निळीची वडी कोणी घडवलेली वस्तू नाही, पण संग्रहालयात ती एक नग म्हणून दाखल आहे. इथे ‘काय आहे’ याला ‘वडी’ आणि ‘कशाचे आहे’ याला ‘नीळ’. ज्याला आकाराचे नावच नाही, त्याला ‘नमुना’. ‘काय आहे’ हा रकाना मोकळा ठेवायचा नाही, एवढा एक कडक नियम आम्ही केला.

‘कागद’ या शब्दावरून मात्र ताईंशी मतभेद झाला आणि त्यांचे म्हणणे टिकले. मी दप्तरातल्या कागदांना ‘दस्तऐवज’ म्हणायचे आणि कागद द्रव्यापुरता ठेवायचा, असे म्हणत होतो. त्यांचे उत्तर असे की इथे येणारा माणूस आमच्या घराण्याचे कागद आहेत का असे विचारतो, दस्तऐवज हा शब्द तो तलाठ्याकडे वापरतो. त्यामुळे मुख्य शब्द ‘दस्तऐवज’ राहिला, पण ‘कागद (दस्त)’ असे लिहून शोधले तरी माणूस तिथेच पोचतो. ‘कागद (घटकद्रव्य)’ वेगळा राहिला आणि त्याच्या पोटात हातकागद व गिरणीचा कागद हे दोन भेद ठेवले.

आणखी एक भेद आम्हाला सुरुवातीला दिसलाच नव्हता. तांब्याच्या पितळीच्या नोंदीत कोणीतरी द्रव्य म्हणून ‘तांबे, कथील, नवसागर’ लिहिले. कथील बरोबर आहे, कल्हई कथलाची असते आणि तिचे डाग अजून आत आहेत. पण नवसागर कल्हईवाला भांडे तापवून पृष्ठभाग स्वच्छ करायला टाकतो, तो धूर होऊन जातो, भांड्यात राहत नाही. ओतीव मूर्तींच्या नोंदीत याच चुकीने ‘मेण’ आले होते. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात ज्याला मधूच्छिष्ट म्हटले आहे ते मेण साच्यातून वितळून निघून जाते, म्हणून तर मूर्ती ओतता येते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या दस्तऐवजीकरण समितीने घडवलेल्या आणि २००६ मध्ये आयएसओ २११२७ हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक मिळालेल्या सिडॉक सीआरएम या संकल्पना-आराखड्यात हा भेद आधीच केलेला आहे. वस्तू कशाची बनली आहे हे तिथे एक नाते आहे आणि घडवण्याच्या क्रियेत काय वापरले हे दुसरे. आम्ही तिसरा रकाना वाढवला : ‘घडवताना काय वापरले’. तो बहुतेक नोंदींत मोकळा असतो, तसा असायला हरकत नाही.

काम प्रत्यक्ष कसे झाले

सर्वांत आधी मूळ वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले आणि गुरुजींची ओळ अक्षरशः, त्यांच्या शुद्धलेखनासह, ‘मूळ नोंद’ या कुलूपबंद रकान्यात पुन्हा टंकित केली. हे काम कंटाळवाणे होते, पण पुढचे सगळे त्यावर उभे राहिले. त्यानंतर एकेक फळी खाली उतरवली. एकजण वस्तू हातात घेई, दुसरा दोन प्रश्न विचारी, तिसरा लिही. भांड्यांच्या खोलीत मावशींना आम्ही मुद्दाम बोलावले. भांड्याचे नाव त्या सांगत आणि धातूबद्दल त्यांची शंका असली तर बोटाच्या पेराने वाजवून पाहत. त्यांच्या कानावर विसंबून मिश्रधातू ठरवणे योग्य नाही, हे मला माहीत होते. म्हणून धातूच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘पाहून’ की ‘तपासून’ अशी खूण ठेवली.

ही खूण किती महत्त्वाची आहे हे दायमाबादच्या उदाहरणावरून समजावून सांगणे सोपे गेले. १९७४ मध्ये प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यात सापडलेली हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ ही चार शिल्पे, मिळून साठ किलोंहून जास्त वजनाची, सगळीकडे ‘दायमाबाद ब्राँझ’ म्हणूनच ओळखली जातात. रासायनिक तपासणीत मात्र त्यांत ब्राँझ म्हणावे इतके कथील आढळले नाही. मुख्यतः तांबे आणि एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक असे त्याचे स्वरूप होते. आता ‘ब्राँझ’ हे त्या शिल्पसमूहाचे रूढ नाव आहे, ते पुसून कोणी इतिहास लिहिणार नाही. पण ते नाव वस्तूच्या बाजूचे आहे. द्रव्याच्या रकान्यात ते गेले की नोंद खोटी होते. दोन रकाने वेगळे असतील, तर रूढ नाव आणि तपासणीचा निष्कर्ष एकमेकांना न खोडता शेजारी राहू शकतात.

निष्पत्ती

जतनतज्ज्ञ बाईंना हव्या असलेल्या दोन्ही याद्या निघाल्या, फक्त तोवर एक पावसाळा निघून गेला होता. ‘तांब्या’ नावाची भांडी ‘तांबे’ या यादीतून गेली आणि जी खरोखर तांब्याची होती तेवढीच राहिली. मोडी रुमाल वस्त्रांतून उचलून दप्तरात आले. हस्तिदंताची यादी काढली तेव्हा तिच्यात आधी माहीत नसलेली एक वस्तू सापडली. ती म्हणजे सतारीच्या घोडीची पट्टी. वस्तूचे नाव सतार असल्यामुळे तिच्या अंगावर हस्तिदंत आहे हे कोणत्याच रकान्यात आले नव्हते. ती पट्टी हस्तिदंताची की हाडाची हे अजून ‘पाहून’ याच खुणेखाली आहे. एका वस्तूत अनेक भाग आणि प्रत्येक भागाचे द्रव्य वेगळे असते, ही गोष्ट आमच्या रचनेत उशिरा आणि जोडपट्टी लावल्यासारखी आली.

काही पेच सुटले नाहीत. बिदरी हा त्यातला सर्वांत चिवट. जस्ताच्या मिश्रधातूवर चांदी ठोकून भरायची आणि मग विशिष्ट मातीने पृष्ठभाग काळा करायचा, या साऱ्याला मिळून बिदरी म्हणतात. तो धातू आहे, कारागिरी आहे, की वस्तूंचा वर्ग? हुक्क्याच्या नोंदीत आम्ही ‘काय आहे’ याला हुक्का लिहिले, ‘कशाचे’ याला जस्ताचा मिश्रधातू आणि चांदी लिहिले आणि ‘बिदरी’ तंत्राच्या रकान्यात टाकले. पण ‘कशाचा हुक्का?’ असे विचारल्यावर ‘बिदरीचा’ असेच उत्तर येते आणि भेट देणारी मंडळी शोधही तसाच घेतात. सध्या तो शब्द तिन्ही वाटांनी शोधता येतो. याला तोडगा म्हणावे की पळवाट, हे मला ठरवता आलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक माझ्या येण्याआधीची होती, पण ती सर्वांत महाग पडली. मूळ ओळ न राखता ती फोडली गेली. फोडणारा प्रोग्रॅम वाईट होता म्हणून नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. ‘तांब्याचे झाकण’ ही ओळ कोणत्याही प्रोग्रॅमने तितक्याच अंधारात फोडली असती. मूळ ओळ शेजारी असती तर दुरुस्ती आठवड्यांत झाली असती, महिने लागले नसते.

दुसरी चूक माझी. मी सूची शब्दांपासून लावायला घेतली. टेबलावर बसून कोणता शब्द वस्तूचा आणि कोणता द्रव्याचा हे ठरवत गेलो आणि त्या दोन महिन्यांत जे शब्द एका सूचीतून काढून टाकले, ते बहुतेक सगळे पुढे परत घ्यावे लागले. वेगवेगळ्या प्रकारच्या पन्नास वस्तू घेऊन, दोन प्रश्न विचारत, शब्द जसे येतील तसे टिपून घेतले असते, तर वीट आणि खण पहिल्याच आठवड्यात समोर आले असते.

भाग आणि अखंड वस्तू यांचा भेदही सुरुवातीलाच रचनेत हवा होता. लाकडी मुठीचा अडकित्ता, चांदीच्या कोंदणातले रुद्राक्ष, जरीकाठी लुगडे, हस्तिदंताची पट्टी असलेली सतार, या सगळ्यांना ‘कशाचे?’ हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. दर भागाला विचारावा लागतो. मावशींना आम्ही पहिल्याच दिवशी योगायोगाने ऐकले आणि चौथ्या महिन्यात रीतसर बोलावले, हे अंतरही टाळता आले असते. त्यांनी सांगितलेल्या नावांपुढे सांगणाऱ्याचा उल्लेख करायची सोय नोंदीत नव्हती. ती आता केली आहे, पण आधीच्या नोंदींत कोणते नाव वहीतले आणि कोणते त्यांचे, हे सर्वत्र सांगता येत नाही.

‘ठरायचे आहे’ अशी चिठ्ठी लावलेली एक लाकडी पेटी भांड्यांच्या खोलीत अजून आहे. तिच्यात बिदरीचा हुक्का नाही, तो दालनात मांडला आहे. पेटीत आहेत ती सुटी झाकणे. त्यांतली काही तांब्याची आहेत आणि काही तांब्यांची, आणि ज्या भांड्यांवर ती बसत होती ती भांडी संग्रहात आहेत की नाहीत हे एकेक झाकण लावून पाहिल्याखेरीज कळणार नाही. ते काम ताईंनी दिवाळीनंतर धरले आहे.